बंदुकीपायी आयडाहो

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग ब्रह्मदेव जरी फाटकाशी येऊन उभा राहिला, तरी मी त्याला चहा-कॉफी विचारीन, पण ठरवलेलं बदलणार नाही. गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता मी ठरवलं, की आपण कॅलिफोर्निया सोडायचं. कायमचं!

कारण ऐकाल तर तुम्हीही माझ्या बाजूने व्हाल. निदान पहिली पाच मिनिटं तरी.

माझ्याकडे आमच्या आजोबांची दुनळी बंदूक आहे. ती मी आयुष्यात एकदाच उडवली. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बार उडाला पुढे आणि मी उडालो मागे, पाटाच्या पाण्यात. त्यानंतर पन्नास वर्षं ती तिच्या काळ्या पेटीत सुखाने झोपून होती. मार्चमध्ये आजोबांच्या जन्माला सव्वाशे वर्षं होत होती. माझ्या मनात आलं, मामेभावाच्या बदामाच्या बागेत जाऊन म्हाताऱ्याच्या नावाने दोन बार काढावेत. दोनच! म्हणून काडतुसांचा एक डबा आणायला दुकानात गेलो. दुकानदाराने माझं गाडी चालवायचं लायसन्स मशीनवर घासलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही देता येणार."

"का?"

"तो नाही म्हणतोय."

"तो कोण?"

"हा." त्याने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"पण का नाही म्हणतोय?"

"ते तो सांगत नाही."

पाहा! चौसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लोकांच्या घरातले नळ दुरुस्त केले, कधी कुणाचा वॉशरसुद्धा ढापला नाही, आणि एक डबडं मला नाही म्हणतंय! मी तरातरा घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "रोवेना, आपण आयडाहोला राहायला जातोय."

रोवेना ट्रॉम्बोन पुसत होती. ट्रॉम्बोन म्हणजे तेच ते, सरकत्या नळीचं लांबलचक पितळी वाद्य. तिच्या वडिलांचं. आमच्या अल्मेन्ड्रा गावच्या बँडमध्ये ती बावीस वर्षं ते वाजवत होती.

"आयडाहोला काय आहे?" तिने विचारलं.

"तिथे कुणी काही विचारत नाही! दुकानात जायचं, डबा उचलायचा, घरी यायचं."

"एका डब्यासाठी घर विकायचं?"

"डब्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

रोवेनाने नळी दोनदा वरखाली सरकवली. ती विचार करत असली की असं करते. मग म्हणाली, "लाइल, मी येते. पण नीट ऐकून ठेव. तिथे मला बँड पाहिजे. महिन्याभरात मला चार माणसांत बसून वाजवायला मिळालं नाही, तर मी फ्रेस्नोला बहिणीकडे निघून जाईन. तू तुझं तत्त्व घेऊन बस."

आमच्या छत्तीस वर्षांच्या संसारात रोवेनाने धमकी म्हणून काही म्हटलेलं मला आठवत नाही. ती म्हणते, तसं करते. पण मी त्या वेळी हवेत होतो.

मी लगेच इंटरनेटवर जाहिरात टाकली. 'घर विकणे आहे. तीन खोल्या, लिंबाचं झाड, मजबूत तिजोरी. विकण्याचं कारण : बंदुकीचे कायदे.' दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"मी ड्वाइट टिबेट्स बोलतोय. आयडाहोतून. टॅमरॅक फोर्क गावातून. तुमची जाहिरात वाचली. आम्हालाही आमचं घर विकायचंय, अगदी त्याच कारणाने."

"म्हणजे? आयडाहोत कसले आलेत बंदुकीचे कायदे?"

"नाहीत ना! म्हणूनच तर!"

मी फोन हातात धरून खुर्चीत बसलोच. म्हणजे ज्या गोष्टीकडे मी पळत निघालो होतो, तिच्यापासून हा गृहस्थ पळत होता! आता मी मुळातच चौकस माणूस. लोकांच्या भिंतीआडचे पाइप कुठून कुठे गेलेत हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं. हा प्राणी कोण असेल, कसा दिसत असेल, त्याला झालंय तरी काय, हे कळल्याशिवाय मला झोप लागेना. मी त्याला तसं विचारलंही. पण तो म्हणाला, "तिथे राहायला आलात की कळेल तुम्हाला."

थोडक्यात सांगायचं तर आम्ही घरांची अदलाबदल केली. तो माझ्या घरात, मी त्याच्या घरात. वकील म्हणाला, चाळीस वर्षांत असा सौदा पाहिला नाही. मला ते कौतुक वाटलं!

तिजोरी मात्र तिथेच ठेवायची ठरली. गॅरेजमधली ती तिजोरी चारशे किलोची, जमिनीत बोल्ट मारून बसवलेली. ड्वाइटची बायको जोलीन म्हणाली, "असू दे, आम्ही तिच्यात आमची कागदपत्रं ठेवू." त्या तिजोरीत आमच्या दोनच गोष्टी असायच्या. माझी बंदूक आणि रोवेनाचा ट्रॉम्बोन. आजोबांची बंदूक मधोमध मोडून दोन तुकड्यांत ठेवता येते, त्यामुळे तिची पेटी आखूड. आणि ट्रॉम्बोनची पेटीही तेवढीच. दोन्ही काळ्या. आता तुमच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. माझ्या पडला नव्हता, कारण गॅरेजमधला दिवा मी आदल्या दिवशीच काढून खोक्यात भरला होता.

सामान न्यायला ट्रक आला. ट्रकवाले बंदूक नेत नाहीत, तो त्यांचा नियम. तेव्हा बंदूक माझ्या गाडीच्या डिकीत, कुलूप लावून, आणि ट्रॉम्बोन ट्रकमध्ये, असा माझा बेत. मी अंधारात चाचपडत तिजोरी उघडली, एक पेटी काढली, तिला हे एवढं कुलूप ठोकलं आणि डिकीत ठेवली. दुसरी काढायला वळणार, तोच ट्रकवाल्याने बाहेरून हाक मारली, "काका, झालं का सगळं?" मी म्हणालो, "झालं, झालं!" आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तिजोरीचं दार लोटून दिलं.

"माझा ट्रॉम्बोन?" रोवेनाने गाडीत बसता बसता विचारलं.

"ट्रकमध्ये!" मी म्हणालो. अगदी छातीठोकपणे!

आठशे मैलांचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. डिकीत बंदूक आणि पुढे तीन राज्यांचे तीन कायदे! मी एक मैलही वेग ओलांडला नाही. लोक मागून हॉर्न मारून जात होते, बोटं दाखवत होते, एक आजीबाई तर दोन बोटं दाखवून गेल्या. नेवाडाच्या वाळवंटात आमच्या मागे पोलिसाची गाडी लागली. मी बाजूला थांबलो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काच खाली होते न होते तोच ओरडलो, "साहेब! गाडीत बंदूक आहे! डिकीत! कुलपात! मोडून ठेवलेली! काडतुसं नाहीत! मिळालीच नाहीत!"

पोलीस बिचारा तरुण होता. तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "बरं. तुमचा मागचा दिवा बंद आहे, तेवढा बघून घ्या."

"डिकी उघडून दाखवू?"

"नको, काका. जा तुम्ही."

"तुझ्या चेहऱ्यावरून वाटत होतं, डिकीत मडं आहे," रोवेना पुढे शंभर मैल हसत होती.

टॅमरॅक फोर्क हे डोंगरातलं छान गाव. घरही छान. आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या अंगणात एक सहा फुटी म्हातारा गवताला पाणी घालत होता. अंगात घरातला गाऊन, पायात सपाता आणि गाऊनच्या पट्ट्याला पिस्तूल! गवताला पाणी घालायला पिस्तूल! मी पाहतच राहिलो. त्याने पाण्याची नळी बंद केली, आमच्या गाडीची नंबरप्लेट वाचली आणि म्हणाला, "काय हो कॅलिफोर्निया! रस्ता चुकलात?"

"नाही, राहायला आलोय."

"अरे देवा! आणखी एक!" त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "ग्रेटा! आणखी एक आलं गं!"

हा ऑरिन स्टोक्सबरी. ग्रेटा त्याची बायको, शाळेतून निवृत्त झालेली संगीताची बाई. आणि गावच्या बँडची मुख्य! ऑरिन त्या बँडमध्ये तो अजगरासारखा अंगाभोवती गुंडाळायचा ट्यूबा वाजवतो. रोवेनाने लगेच आपण ट्रॉम्बोन वाजवतो हे सांगून टाकलं. ग्रेटाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्रॉम्बोन? आमचा एक ट्रॉम्बोनवाला गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय. पुढच्या मंगळवारी सहाला या. ऐकते. गावात राहणाराच लागतो हं मला, पाहुणा चालत नाही."

रोवेना दुसऱ्याच दिवशी सरकारी कचेरीत जाऊन आयडाहोचं नवं लायसन्स काढून आली. मला म्हणाली, "तूही चल." मी म्हणालो, "घाई काय आहे? मी इथे कागद नाचवायला आलोय का?"

मला त्या दिवसांत एकाच प्रश्नाने घेरलं होतं. मला सगळ्यांना विचारायचं असायचं, की तुमच्याकडे बंदुका किती आहेत, कोणत्या आहेत, कुठे ठेवता? आणि गंमत अशी, की त्यांनाही एकच कुतूहल होतं. माझं! मी येण्याचं कारण ऑरिनला सांगितलं होतं, आणि ऑरिनला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

"एका बंदुकीसाठी घर विकलं?" पोस्टातली बाई विचारायची. "कोणती आहे हो एवढी?"

"बघालच!" मी म्हणायचो.

"चांदीचं काम आहे का तिच्यावर?"

"बघालच!"

पेटी मी हॉलमधल्या कपाटात, कोटांच्या मागे ठेवली होती. ती उघडून दाखवायला माझे हात शिवशिवत होते, पण कुलपाची किल्ली सापडेना! किल्ली मी ट्रकच्या सामानात 'महत्त्वाचे' असं लिहिलेल्या खोक्यात टाकली होती. ट्रक चौथ्या दिवशी आला, त्यात चौऱ्याहत्तर खोकी होती, आणि त्यातल्या एकतीस खोक्यांवर मी 'महत्त्वाचे' लिहिलं होतं.

आणि ट्रॉम्बोन आला नाही.

रोवेनाने आधी खोकी पाहिली. मग गादीची घडी उलगडून पाहिली. मग फ्रिजमध्ये पाहिलं! मी ट्रकवाल्यांना फोन करून असं झापलं, की पलीकडचा माणूस रडकुंडीला आला.

"काका, यादीत ट्रॉम्बोन नाहीच!"

"यादी गेली खड्ड्यात! एका बाईच्या वडिलांची निशाणी आहे ती! लाज नाही वाटत?"

"शपथेवर सांगतो, काका..."

"चोर आहात तुम्ही! चोर!"

रोवेना दारात उभी राहून ऐकत होती. "जाऊ दे, लाइल," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला इतकं वाईट वाटलं, की मी ट्रकवाल्यांना आणखी एकदा फोन केला. आणि हे सगळं बोलताना मी टेकलो होतो कशाला? त्याच कपाटाला!

मंगळवारी ती शाळेच्या अडगळीतला ट्रॉम्बोन मागून घेऊन परीक्षेला गेली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तो ट्रॉम्बोन बहुधा शाळा बांधायच्या आधीपासून तिथे पडला होता. नळी सरकेचना. रोवेनाने पहिले चार स्वर कसेबसे काढले, पाचव्याला जरा जोर लावला, आणि नळी सुटली! ती सुटली ती सुसाट, थेट ग्रेटाबाईंच्या कॉफीच्या पेल्यात. पेला स्वरलिपीवर, स्वरलिपी बासरीवाल्याच्या मांडीवर, आणि बासरीवाला, कॉफी गरम होती म्हणून, माझ्या अंगावर.

ग्रेटाबाईंनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या.

घरी आल्यावर रोवेनाने फ्रेस्नोला फोन लावला. मी स्वयंपाकघरात कान लावून उभा होतो. "सोमवारी येते," ती बहिणीला सांगत होती. "नाही, भांडण नाही. त्याला हवं होतं ते त्याला मिळालंय. मला इथे काही नाही एवढंच."

मला काय वाटलं सांगू? माणसाला राग आला की तो आठशे मैल जाऊ शकतो. पण मग तिथे जाऊन तो एकटा करणार काय? एकतीस खोकी उघडत बसणार? मी तिला म्हणालो, "रविवारी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावू. चार ओळखी झाल्या की तुला बरं वाटेल."

"चार ओळखी की चार प्रेक्षक?" ती म्हणाली. तिला माहीत होतं. कारण त्याच सकाळी सव्विसाव्या खोक्यात, सुपाच्या वाडग्यात, मला किल्ली सापडली होती, आणि पेटी उघडायची तर सगळ्यांसमोरच, असं मी ठरवलं होतं.

रविवारी अख्खी गल्ली आली! बर्गर, बटाट्याची कोशिंबीर, आणि रानजांभळं भरून भट्टीत भाजलेले ते गोड गोल 'पाय' तीन, कारण टॅमरॅक फोर्कमध्ये तोंड उघडलं की कुणीतरी पाय आणतंच. निम्म्या लोकांच्या कमरेला पिस्तुलं होती. पण त्या सगळ्यांच्या माना माझ्या कपाटाच्या दिशेने वळत होत्या. शेवटी ऑरिनला राहवेना. "ए कॅलिफोर्निया, आता पुरे झालं! दाखव बाबा ती! आमचा जीव टांगणीला लावलायस!"

रोवेना एका कोपऱ्यात कागदी ताटल्या गोळा करत होती. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ती मला दिसत होती, पण मी म्हटलं, आधी हे उरकू.

मी पेटी आणून टेबलावर ठेवली. छोटंसं भाषण केलं. आजोबांबद्दल बोललो. स्वातंत्र्याबद्दल बोललो. आवाज जरा घोगराही झाला. पोस्टातल्या बाईने डोळे पुसले. मग मी कुलूप काढलं, दोन्ही खटके उघडले आणि झाकण वर केलं.

आत निळ्या मखमलीवर ट्रॉम्बोन होता.

ऑरिन वाकला, त्याने गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात काडतूस कुठून घालतात?"

मी रोवेनाकडे पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. तिच्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू आला. ती टेबलाशी येऊन थांबली.

"लाइल."

"हं."

"अकरा दिवस."

"हं."

"कपाटात. कुलूप लावून."

"रोवेना, अंधार होता गं..."

"त्या ट्रकवाल्याला तू चोर म्हणालास!"

"फोन करतो. माफी मागतो. आत्ता करतो!"

"बस खाली!" ती म्हणाली. मी बसलो. बटाट्याच्या कोशिंबिरीत बसलो, पण उठायची प्राज्ञा नव्हती.

तिने ट्रॉम्बोन उचलला. नळी जोडली, वरखाली सरकवली, एकदा, दोनदा. आणि तिने वाजवायला सुरुवात केली. तिचे वडील मिरवणुकीत वाजवायचे ते संथ संचलनगीत होतं. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, पण त्या दिवशी ती संतापलेली होती, आणि संतापात तिचा दम दुप्पट होतो. तो स्वर अंगणातून निघून समोरच्या डोंगरावर जाऊन आपटला असावा. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. मला माझ्या बायकोचा असा अभिमान वाटला, आणि स्वतःची अशी शरम वाटली, की दोन्ही एकदम झाल्याने मला उचकीच लागली.

तिने ट्रॉम्बोन खाली केला. ग्रेटाबाईंनी हातातली पायची ताटली ठेवली. "बुधवार. सहा वाजता. उशीर चालणार नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि ह्यांना आणू नका."

दाराशी ठेवलेली बॅग रोवेनानेच उचलली आणि आत नेली. माझा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी बाहेर आला. ट्रॉम्बोन इथे, तर मग बंदूक कुठे?

मी अल्मेन्ड्राला फोन लावला. जोलीनने उचलला.

"जोलीनताई, तिजोरी उघडलीत का हो?"

"अजून नाही. लिंबाच्या झाडातच सगळा वेळ जातोय. किती हो पाणी पितं ते! का?"

"काही नाही, सहज. उघडा की जरा. मी फोनवर आहे. घाबरू नका."

"घाबरू नका का म्हणताय?"

"सहज म्हटलं."

पावलं वाजली. चाक फिरलं. दार कुरकुरलं. मग खटके उघडल्याचा आवाज. मग लांबून ड्वाइटचा आवाज, "काय आहे गं?" आणि त्यानंतर दार आपटल्याचा आवाज.

"लाइल," जोलीन म्हणाली, "ड्वाइट लिंबाखाली जाऊन उभा आहे. तो आत यायला तयार नाही."

मागून ड्वाइट ओरडत होता, "विचार त्याला! आठशे मैल आलो आपण बंदुकीपासून लांब! आणि ती आपल्या आधीच येऊन बसलीय! विचार!"

मी हजारदा माफी मागितली. शेवटी ड्वाइट खिडकीच्या बाहेर उभा राहून फोनवर आला. मी म्हणालो, "चुकलो बुवा. पण आता एक सांगाच. तुम्ही इथून गेलात का?"

"शेजारी भेटला का?"

"ऑरिन? भेटला की. माणूस देवासारखा आहे."

"देवासारखाच आहे! चौदा वर्षं होता माझ्या शेजारी. माझ्या पोरीच्या लग्नात नाचला तो. नाचता नाचता गाऊन सावरावा तसं पिस्तूल सावरत होता. मला दुसरं काही दिसेनाच लग्नात. फोटो बघितले तर सगळ्यांत मी त्याच्या कमरेकडे बघतोय. पोरीच्या लग्नात पोरीकडे बघायचं असतं हो, लाइल."

मी खिडकीतून पाहिलं. ऑरिन माझ्या अंगणातल्या ताटल्या गोळा करत होता आणि वाकताना एक हात कमरेवर ठेवत होता. मी ड्वाइटला गरम पाण्याच्या टाकीची युक्ती सांगितली, त्याने मला इथल्या घर गरम ठेवायच्या भट्टीची सांगितली. तेव्हापासून आम्ही दर रविवारी बोलतो. त्याला तिथली उष्णता सोसत नाही. मला इथली थंडी. दोघंही कबूल करत नाही.

बंदूक आणायला मी स्वतः जाणार होतो, पण ड्वाइट तेवढा वेळ लिंबाखाली राहायला तयार नव्हता. मग तिथल्या दुकानदाराने येऊन ती नेली आणि इथल्या दुकानदाराकडे पाठवली. रीतसर तसंच करावं लागतं म्हणे. तीन आठवडे लागले. आली असा निरोप मिळताच मी रोवेनाला घेऊन दुकानात गेलो. माझ्या स्वप्नातलं दुकान! भिंतभर काडतुसं! गल्ल्यावर एक वेणीवाली बाई होती. तिने पेटी समोर ठेवली आणि हात पुढे केला.

"लायसन्स?"

मी दिलं. तिने पाहिलं, उलटलं, पुन्हा पाहिलं.

"हे कॅलिफोर्नियाचं आहे."

"हो, ते बदलायचं राहिलंय. पण मी इथलाच!"

"कागदावर तुम्ही तिथलेच. मग तुम्हाला तिथला कायदा लागू. नाही देता येणार."

"अहो बाई, त्या कायद्यापायी तर मी घर सोडून आलो!"

"आलात ना," ती शांतपणे म्हणाली, "पण कागदावर नाही आलात."

"मग आता?"

"नवं लायसन्स काढा. कचेरीत सध्या महिनाभर थांबावं लागतंय. तोवर इथे राहील."

तेव्हा माझ्या मागून रोवेनाने आपलं लायसन्स पुढे केलं. "माझं आहे इथलं."

वेणीवाली बाई थांबली. "बाई, ही बंदूक तुमची आहे का? तुमची असेल तर सही करा. पण ह्यांच्यासाठी म्हणून नेत असाल, तर मी देऊ शकत नाही. फॉर्मवर पहिला प्रश्न तोच आहे. खोटं लिहिलं तर तुरुंग."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. रोवेना म्हणाली, "बोल, लाइल. कुणाची? तुझी असेल तर राहू दे महिनाभर इथे. मला घाई नाही."

आणखी एक महिना! मी पेटीकडे पाहिलं. आजोबा आठवले. पण खरं सांगतो, त्याहून जास्त ते अकरा दिवस आठवले, आणि दारात उभ्या रोवेनाचा तो बारीक झालेला आवाज. माझ्या बायकोचं देणं मी लागत होतोच.

"तिची आहे," मी म्हणालो. "मी तिला दिली. अगदी मनापासून."

रोवेनाने सही केली. तीन मिनिटांत कॉम्प्युटर हो म्हणाला. तीन मिनिटांत! दुकानातून निघताना तिने काडतुसांचा एक डबाही घेतला. तिला कुणी काही विचारलं नाही.

आता बंदूक घरी आहे. हॉलमधल्या कपाटात, काळ्या पेटीत, कुलपात. किल्ली रोवेनाकडे असते. परवा दुपारी ती सराव करत बसली होती. मी जवळ गेलो, जरा घुटमळलो आणि म्हणालो, "रोवेना, जरा किल्ली दे ना."

तिने ट्रॉम्बोन खाली केला. "कशाला?"

कॅलिफोर्नियात निदान कारण तरी विचारत नव्हते.